टाकाऊतून टिकाऊ : जुन्या लहान लॅपटॉपचा अंगावरचा वाचक-संगणक

संगणक म्हटला की टेबल, खुर्ची आणि विजेचा बोर्ड डोळ्यांपुढे येतो. परंतु माणसाने संगणकापाशी जाऊन बसण्याऐवजी संगणकच माणसाच्या अंगावर का असू नये, हा विचार काही लोक साठ वर्षांहून अधिक काळ करीत आले आहेत. कमरेला, गळ्यात किंवा खांद्यावरच्या पिशवीत राहून माणूस चालता-बोलता असतानाच त्याचे काम करणाऱ्या यंत्राला आपण 'अंगावरचा संगणक' म्हणू. प्रस्तुत लेखात या संगणकाचा थोडक्यात इतिहास सांगून, घरात धूळ खात पडलेल्या लहान लॅपटॉपपासून असा संगणक कसा करता येईल आणि तो कोणासाठी करावा, याचा विचार आम्ही करणार आहोत. लेख विद्यार्थ्यांसाठी आहे. पण त्यांच्या हाती जुने यंत्र देण्याचे काम वडीलधाऱ्यांचे असल्याने सभासदांनीही तो वाचावा, ही विनंती.

थोडा इतिहास

अंगावरच्या पहिल्या संगणकाचा उद्देश फारसा उदात्त नव्हता. एडवर्ड थॉर्प आणि क्लॉड शॅनन या अमेरिकेतील दोन गणितज्ञांनी १९६१ मध्ये सिगारेटच्या पाकिटाएवढे यंत्र तयार केले. बुटातील बटणे पायाच्या अंगठ्याने दाबायची आणि जुगाराच्या फिरत्या चक्रावरील गोळी कोठे थांबेल याचा अंदाज कानातील सुरावरून घ्यायचा, अशी त्याची रचना होती. लास व्हेगासच्या जुगारघरात त्यांनी ते वापरूनही पाहिले. बुद्धी तीच, यंत्र तेच, पण ते कशाला जुंपायचे हे माणूस ठरवतो, हा धडा या विषयाच्या पहिल्याच पानावर आहे.

पुढे कॅनडाचे स्टीव्ह मान यांनी विद्यार्थिदशेतच पाठीवर वागवायचे संगणक घरी जोडले. थॅड स्टार्नर हे १९९३ पासून अंगावर संगणक बाळगू लागले. एका डोळ्यासमोर छोटा पडदा, एका हातात मावणारा कळफलक आणि खांद्याला लटकवलेला संगणक, अशी त्यांची सामग्री होती. ते कोणाशी बोलता बोलता टिपणे घेत आणि जुनी टिपणे शोधून काढीत. यातील बरेच भाग मुळात या कामासाठी केलेले नव्हते. इतर उपयोगासाठी निघालेल्या वस्तू एकत्र जोडलेल्या होत्या.

आपल्या महाराष्ट्राशी संबंध असलेले उदाहरण प्रणव मिस्त्री यांचे आहे. ते मूळचे गुजरातमधील पालनपूरचे. पवईच्या आय. आय. टी.तील इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये शिकून ते अमेरिकेत एम. आय. टी.मध्ये गेले. तेथे प्राध्यापक पॅटी मेस यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी 'सिक्स्थ सेन्स' हे यंत्र केले आणि २००९ मध्ये ते जगापुढे आले. गळ्यात अडकवलेला कॅमेरा, छोटा प्रोजेक्टर व आरसा, बोटांना रंगीत टोप्या आणि सोबत बाळगलेला संगणक, एवढाच सरंजाम. संगणकाची किंमत सोडून बाकीचा खर्च सुमारे ३५० डॉलर येतो, असे त्यांनी सांगितले होते. त्याच्याही आधी त्यांनी जुने माऊस उघडून त्यांतील रूळ काढले होते आणि हाताची हालचाल संगणकाला कळवणारे साधन केले होते. नव्या यंत्राची सुरुवात जुने यंत्र उघडण्यापासून झाली, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

लहान लॅपटॉप कोठून आले?

निकोलस निग्रोपॉन्टे यांच्या पुढाकाराने गरीब देशांतील प्रत्येक मुलाला एक स्वस्त लॅपटॉप देण्याची योजना निघाली. त्या लॅपटॉपला पंखा नव्हता, फिरणारी हार्ड डिस्क नव्हती आणि त्याचा साडेसात इंची पडदा उन्हातही वाचता येत असे. भारतातील त्याचा सुरुवातीचा प्रयोग २००७ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, खैरात या लहान गावच्या शाळेत झाला. त्याच वर्षी आसूस कंपनीने 'ई पीसी ७०१' हा सात इंची पडद्याचा आणि एक किलोहून कमी वजनाचा लॅपटॉप बाजारात आणला. त्यातही फिरणारी डिस्क नव्हती. त्याच्या पाठोपाठ इतर कंपन्यांचे दहा इंची लॅपटॉप आले. 'नेटबुक' या नावाने ते ओळखले जात आणि त्यांपैकी बहुतेकांत एक जी. बी. स्मरणशक्ती असे. टॅबलेट आणि मोठ्या पडद्याचे मोबाइल आल्यावर ते मागे पडले. ८ एप्रिल २०१४ रोजी विंडोज एक्सपीची देखभाल थांबल्यावर तर अनेक नेटबुके 'निकामी' म्हणून कपाटात गेली. वास्तविक त्यांतील कितीतरी आजही चालू होतील.

गरज कोणाची?

यंत्र हाती आहे म्हणून गरज शोधणे हा उलटा मार्ग झाला. आधी माणूस पाहावा. आम्ही बँकेच्या काउंटरवर काम करतो. पासबुक पुढे करून 'साहेब, यात काय लिहिलंय तेवढं वाचून सांगा' म्हणणारी वृद्ध माणसे आम्हाला रोज भेटतात. कोणाची नजर मोतीबिंदूने गेलेली, कोणाची साखरेच्या आजाराने. कोणाला बालपणी शाळेची पायरीच चढू दिली गेली नाही. पत्र, नोटीस, औषधाची चिठ्ठी, निवृत्तिवेतनाचा कागद या खाजगी गोष्टी त्यांना दुसऱ्याच्या हाती द्याव्या लागतात. वाचणारा प्रामाणिक असला तरी लाचारी राहतेच आणि तो प्रामाणिक नसला तर काय होते, ते सांगायला नको.

ग्रंथांवर जिवापाड प्रेम करणाऱ्या बाबासाहेबांची दृष्टीही अखेरच्या वर्षांत अधू झाली होती. त्यांचे सहायक नानकचंद रत्तू त्यांच्या लेखनाचे टंकलेखन करीत. जन्मभर ज्यांनी डोळ्यांचा दिवा करून अभ्यास केला, त्यांनाही शेवटी दुसऱ्याच्या डोळ्यांची मदत घ्यावी लागली. ज्या समाजाला अक्षरांपासून शतकानुशतके दूर ठेवले गेले, त्या समाजातील एका आजीला स्वतःचे पत्र स्वतः ऐकता आले, तर ती गोष्ट लहान नाही. म्हणून आमचा प्रस्ताव असा की, अंगावरचा संगणक करायचाच असेल, तर तो छापील मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा करावा.

यंत्राची रचना

या यंत्राची तीन अंगे आहेत. पाहणारा कॅमेरा, अक्षरे ओळखणारा कार्यक्रम आणि बोलणारा कार्यक्रम.

१) संगणक. ज्याची डिस्क फिरणारी नाही असा लॅपटॉप निवडावा. फिरणारी डिस्क चालताना बसणाऱ्या हिसक्यांनी बिघडू शकते. ती असल्यास काढून त्या जागी सॉलिड स्टेट डिस्क बसवावी. जुन्या नेटबुकांतील पुष्कळसे ३२ बिटांचे असतात. नवीन लिनक्सच्या अनेक आवृत्त्या त्यांवर बसत नाहीत. डेबियन लिनक्सची २०२३ ची १२ वी आवृत्ती बसते. २०२५ च्या १३ व्या आवृत्तीने मात्र अशा यंत्रांवर नव्याने बसण्याची सोय बंद केली आहे. खरेदी किंवा खटपट करण्यापूर्वी हे तपासावे.

२) अक्षरे ओळखणे. 'टेसरॅक्ट' हा मोफत कार्यक्रम छायाचित्रातील अक्षरे ओळखतो. मराठीसाठी त्याची स्वतंत्र माहिती-फाइल मिळते. ती एकदा बसवली की इंटरनेट लागत नाही.

३) बोलणे. 'ईस्पीक एनजी' हा मोफत कार्यक्रम मराठी मजकूर उच्चारतो. त्याचा आवाज यांत्रिक आहे, पण थोड्या सवयीने समजतो आणि जुन्या यंत्रावरही तो अडखळत नाही.

४) कॅमेरा. तारेने जोडायचा, आपोआप फोकस होणारा कॅमेरा घ्यावा. तो छातीशी पट्ट्याला बसवावा. कागद त्याच्यापुढे साधारण एक वीत-दीड वीत अंतरावर धरावा.

५) बटणे. लॅपटॉपचे झाकण बंद राहणार असल्याने वेगळी, फक्त आकड्यांची छोटी कीपॅड जोडून ती कमरेला लावावी. १ दाबले की छायाचित्र घेऊन वाच, २ म्हणजे पुन्हा वाच, ३ म्हणजे थांब. एवढ्या तीन कळा पुरेत. त्यांवर जाड दोऱ्याचे किंवा गोंदाचे उंचवटे करावेत, म्हणजे बोटांना ओळख पटेल. झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपी जातो, ती सवय त्याच्या व्यवस्थेत जाऊन बंद करावी आणि पडद्याचा दिवा विझता ठेवावा.

६) कान. इअरफोन एकाच कानात घालावा. दुसरा कान रस्ता, गाडी आणि माणूस यांच्यासाठी मोकळा हवा.

७) पिशवी. साधी कापडी शबनम येथे उपयोगी नाही. बंद कापडात यंत्र तापते. जिची बाहेरची बाजू जाळीची आणि अंगाकडची बाजू जाड फोमची आहे अशी पिशवी गावातील शिंप्याकडून शिवून घ्यावी. लॅपटॉपची हवा बाहेर जाण्याची खिडकी जाळीकडे यावी.

थोडी आकडेमोड

कोणतेही यंत्र जोडण्याआधी कागदावर गणित करावे. दोन उदाहरणे देतो.

पहिले कॅमेऱ्याचे. अक्षरे नीट ओळखता येण्यासाठी कागदाच्या एका इंचात सुमारे ३०० ठिपके मिळावेत, असा संकेत आहे. ए-४ कागद साधारण सव्वाआठ इंच रुंद असतो. जुन्या नेटबुकातील अनेक कॅमेरे आडवे ६४० ठिपकेच टिपतात, म्हणजे इंचाला फक्त ७७ ठिपके मिळाले. अशा चित्रातून अक्षर ओळखणे कठीण. १९२० ठिपक्यांचा कॅमेरा घेतला तर इंचाला सुमारे २३२ मिळतात. तोच कॅमेरा अर्ध्या रुंदीच्या कागदावर धरला तर ४६० हून अधिक मिळतात. यावरून दोन गोष्टी कळतात. कॅमेरा बाहेरचा लागेल आणि मोठे पान दोन भागांत वाचावे लागेल.

दुसरे बॅटरीचे. बॅटरीवर १०.८ व्होल्ट व ४४०० मिलिअँपिअर-तास असे लिहिले असेल, तर १०.८ ला ४.४ ने गुणावे. उत्तर सुमारे ४७.५ वॉट-तास. यंत्र तासाला १२ वॉट-तास खात असेल तर नवी बॅटरी जवळजवळ चार तास चालेल. जुनी होऊन तिची क्षमता निम्मी झाली असेल, तर दोन तास. आपले यंत्र नेमके किती खाते ते लिनक्समध्ये दिसते. अंदाजावर न राहता ते पाहून हे गणित पुन्हा करावे.

काळजी आणि मर्यादा

फुगलेली, दबलेली किंवा गळणारी बॅटरी कोणत्याही कारणाने अंगावर बांधू नये. लिथियमची बॅटरी पेट घेऊ शकते. ती उघडू नये, कचऱ्यात टाकू नये. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावी. चार्जिंग चालू असताना पिशवी अंगावर घेऊ नये आणि पावसात यंत्र वापरू नये.

हे यंत्र चुका करते, हे वापरणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगावे. आपल्या लिपीत शिरोरेषा आहे, जोडाक्षरे आहेत. घ आणि ध, भ आणि म यांची गल्लत होऊ शकते. अनुस्वार गळू शकतो. १ चा ९ होऊ शकतो. पुस्तकात अशी चूक चालून जाईल. पैशाच्या कागदावर चालणार नाही. म्हणून रकमेचा आकडा, खाते क्रमांक आणि औषधाचे प्रमाण या तीन गोष्टी यंत्राने वाचल्या तरी विश्वासातील माणसाकडून पडताळून घ्याव्यात. हस्ताक्षर वाचण्याची अपेक्षा तर ठेवूच नये. पासबुकातील फिकट छपाईही त्याला जड जाते. शिवाय जुने यंत्र सावकाश चालते; एका पानाला थांबावे लागते.

आणखी एक मर्यादा शीलाची आहे. छातीवर कॅमेरा असलेला माणूस समोरच्याचे चित्र त्याच्या नकळत घेऊ शकतो. न दिलेली वस्तू घेणार नाही, असे आपण पंचशीलात म्हणतो. दुसऱ्याचा चेहरा ही सुद्धा न दिलेली वस्तूच आहे. म्हणून कळ दाबल्याशिवाय कॅमेरा चालणार नाही आणि वाचून झाल्यावर चित्र आपोआप पुसले जाईल, अशी रचना सुरुवातीपासूनच करावी. कॅमेऱ्याला कापडाची छोटी झडप लावावी. समोरच्याला ती मिटलेली दिसली म्हणजे त्याचेही मन निश्चिंत राहते.

मोबाइल असताना हे कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. आजचा चांगला मोबाइल अक्षरे ओळखतो आणि वाचूनही दाखवतो. ज्याच्याकडे तो आहे आणि ज्याला तो वापरता येतो, त्याने तो जरूर वापरावा. पण तीन गोष्टी विचारात घ्याव्यात. गुळगुळीत काचेवर बोट फिरवणे क्षीण दृष्टीच्या वृद्धाला अवघड जाते. उंचवट्याच्या तीन कळा सोप्या पडतात. मोबाइलवरच्या पुष्कळ सोयी चित्र दूरच्या संगणकाकडे पाठवतात. आपल्या यंत्रातील कागद आपल्याच पिशवीत राहतो. तिसरी गोष्ट विद्यार्थ्यांसाठी महत्त्वाची आहे. मोबाइल आपण वापरतो, तर हे यंत्र आपण समजून घेतो. कॅमेऱ्याचे चित्र अक्षर कसे बनते आणि अक्षराचा आवाज कसा होतो, हे ज्याने एकदा स्वतः जोडून पाहिले, तो पुढे केवळ गिऱ्हाईक राहत नाही. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः तपासून पाहा, हा भगवान बुद्धांचा कालामांना केलेला उपदेश प्रयोगशाळेतही तेवढाच खरा आहे.

आपल्या परिसराचा दाखला

जुन्या साधनातून मोठे काम होत नाही, असे कोणास वाटत असेल तर त्याने वारूळवाडी-नारायणगावच्या पूर्वेला खोडदकडे पाहावे. तेथील ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची दुर्बीण प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. पण त्यांच्या कामाची भारतातील सुरुवात कशाने झाली? ऑस्ट्रेलियाने काम संपल्यावर देऊन टाकलेल्या, सहा फूट व्यासाच्या ३२ जुन्या अँटेनांनी. त्या इकडे आणून १९६५ मध्ये कल्याणजवळ त्यांची दुर्बीण उभारली आणि तिने सूर्याचा अभ्यास केला. पुढे उटी आणि त्यानंतर खोडद. दुसऱ्याने टाकलेले साधन हातात घेतले, समजून घेतले आणि मग स्वतःचे, जगात नाव मिळवणारे साधन केले, असा हा क्रम आहे.

दुसरा दाखला त्याहून जुना आहे. जुन्नरच्या लेण्यांतील एका शिलालेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद आहे. ते दान एका राजाचे नव्हे. एका धंद्यातील लोकांनी मिळून दिलेले आहे. वाटसरू भिक्खूला निवारा आणि पाणी लागते हे त्यांनी ओळखले आणि प्रत्येकाने आपला वाटा घातला. दान म्हणजे नको असलेली वस्तू दुसऱ्याच्या अंगावर टाकणे नव्हे. समोरच्याला काय लागते ते पाहून, वस्तू वापरण्याजोगी करून देणे म्हणजे दान.

म्हणून संस्थेच्या सभासदांना आमची विनंती आहे. ज्यांच्या घरी जुना लहान लॅपटॉप पडून असेल, त्यांनी त्यातील आपली खाजगी माहिती काढून तो विहारात आणून द्यावा. विद्यार्थ्यांनी तीन-तीनच्या गटाने एकेक यंत्र घ्यावे आणि जोडणीला हात घालण्यापूर्वी ज्यांच्यासाठी ते करायचे त्या आजी-आजोबांशी दोन दिवस बोलावे. पिशवीचे वजन त्यांच्या खांद्याला पेलते का, कळ बोटाला लागते का, आवाज कळतो का, हे त्यांनीच सांगायचे आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, म्हणजे २८ फेब्रुवारीला, खोडदला विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचे प्रदर्शन भरत आले आहे. तयार झालेले यंत्र तेथे नेण्याचे ध्येय ठेवावे. मात्र तेथील अँटेना आकाशातील अतिशय क्षीण रेडिओ लहरी ऐकतात आणि आपल्या संगणकातूनही रेडिओचा गोंगाट बाहेर पडत असतो. म्हणून परवानगी घेतल्याशिवाय ते यंत्र तेथे सुरू करू नये.

प्रदर्शनात क्रमांक आला तर आनंदच आहे. परंतु यंत्राची खरी परीक्षा तेथे नाही. विहारातील एखाद्या आजीने मुलाकडून आलेले छापील पत्र कोणाच्याही हाती न देता स्वतः ऐकले, की तुमचे यंत्र उत्तीर्ण झाले असे समजावे.

अभ्यासासाठी प्रश्न

१) फिरणारी डिस्क अंगावरच्या संगणकाला का चालत नाही?
२) ११.१ व्होल्ट व ५२०० मिलिअँपिअर-तासांची नवी बॅटरी १३ वॉटच्या यंत्राला किती वेळ पुरेल?
३) इअरफोन एकाच कानात का घालावा?
४) यंत्राने वाचलेल्या कोणत्या तीन गोष्टी पडताळून घ्याव्यात? का?
५) तुमच्या घरातील किंवा वस्तीतील एका वृद्ध व्यक्तीला रोज कोणता कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, ते विचारून दहा ओळी लिहा.

नमो बुद्धाय! जय भीम!